भिंतीवरून परतणारा चेंडू

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. लातूरहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग तो मूळ विषयावर आला. ‘‘सर, घरामागं दोन गुंठे जागा मोकळी पडलीय. पॅडलचं कोर्ट टाकावं म्हणायलोय. पुण्यात बघून आलो. तुम्ही खेळातले माणूस. टाकू का नको, तेवढं सांगा.’’

मी तीसेक वर्षे नांदेडला शाळेत इतिहास शिकवला आणि संध्याकाळी मैदान सांभाळलं. खो-खो, कबड्डी, टेनिकॉइट, बॉल बॅडमिंटन हे सगळं माझ्या हाताखालून गेलं. दसऱ्याच्या सुमारास नांदेडला गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने हॉकीची स्पर्धा भरते, तिचे सामने मी वर्षानुवर्षे पाहिले. पण पॅडल म्हटल्यावर मला आधी सायकल आठवली. तसं मी त्याला म्हणालोही. तो हसला. म्हणाला, ‘‘सायकलचं पेडल नव्हं सर. टेनिससारखा खेळ आहे. पण चहूकडून भिंती असतात. काचेच्या.’’

‘भिंती’ म्हणताना तो जरा थांबला. मीही थांबलो. का थांबलो, ते शेवटी सांगतो.

त्याला म्हटलं, मला पंधरा दिवस दे. इतिहासाच्या मास्तरला कुठलाही प्रश्न विचारला की तो मागे जातो. मीही मागे गेलो, आणि चांगला सात-आठशे वर्षे मागे गेलो.

आपण टेनिस म्हणतो तो खेळ मुळात भिंतींच्या आतच जन्मला. मध्ययुगात फ्रान्समधल्या ख्रिस्ती मठांच्या ओवऱ्यांमध्ये चेंडू तळहाताने मारला जाई. त्याचं नावही ‘तळहाताचा खेळ’ असंच होतं. ओवरीची भिंत, तिचं उतरतं छप्पर, कोपरे हे सगळं त्या खेळात धरलेलं असे. पुढे हात जाऊन रॅकेट आली, मठ जाऊन राजवाडे आले, पण भिंती राहिल्या. नववीच्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना ‘टेनिस कोर्टावरची शपथ’ यायची. २० जून १७८९ रोजी व्हर्सायमध्ये सभागृह बंद आढळलं, म्हणून लोकप्रतिनिधी जवळच्या टेनिस कोर्टात जमले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगायचं नाही अशी शपथ त्यांनी घेतली. दर वर्षी एखादा मुलगा विचारायचाच, ‘‘सर, उघड्यावर शपथ घेतली का?’’ नाही. ते कोर्ट म्हणजे उंच भिंतींचं, छपराचं मोठं दालन होतं. आज आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हिरवळीवरचं टेनिस फार नंतरचं आहे. १८७४ साली मेजर वॉल्टर विंगफिल्ड या इंग्रज गृहस्थाने त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा टेनिस भिंतींतून बाहेर पडलं आणि गवतावर आलं.

याच दशकात आपल्याकडेही एक खेळ आकार घेत होता. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी जाळ्यावरून फूल उडवत खेळत, आणि त्या खेळाला सरळ ‘पूना’ म्हणत. त्याचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यातच बांधले गेले. सुट्टीवर मायदेशी जाताना अधिकारी हा खेळ सोबत घेऊन गेले. तिकडे ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून त्याला नाव पडलं आणि पुण्याचं नाव मागे राहिलं. १८९३ साली इंग्लंडमध्ये बॅडमिंटनची संघटना झाली. फुलाला वारा सोसत नाही, म्हणून हा खेळ हळूहळू उघड्यावरून बंद हॉलमध्ये गेला. त्याच खेळात पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला जिंकले आणि परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. सांगायचं काय, तर खेळाचं घर कुठलं आणि तो वाढतो कुठं, याचा काही नेम नसतो. आणि दुसरं म्हणजे खेळ घडवणारी पहिली गोष्ट जागा असते. मोकळी असो की कोंडलेली, जागेप्रमाणे नियम होतात.

पॅडलचा जन्म नेमका असाच आहे. त्याआधी अमेरिकेत दोन पायऱ्या झाल्या होत्या. १८९८ साली मिशिगन राज्यातल्या अल्बियन गावात फ्रँक बील नावाच्या मुलाने टेनिसचं कोर्ट निम्मं केलं आणि रॅकेटऐवजी लाकडी फळी घेतली. हा मुलगा मोठेपणी पाद्री झाला, न्यू यॉर्कला गेला आणि तिथल्या दाट वस्तीतल्या मुलांना खेळायला काही नाही हे पाहून त्याने आपला लहानपणचा खेळ त्यांना दिला. पुढे १९२८ साली न्यू यॉर्कजवळच्या स्कार्सडेल गावी कॉग्सवेल आणि ब्लँचर्ड या दोघांनी बर्फातही खेळता यावं म्हणून लाकडी ओटा बांधला. चेंडू बर्फात हरवायचा म्हणून भोवती तारेची जाळी लावली. मग जाळीवर आपटून आलेला चेंडूही खेळायचा, असा नियम केला. अडचणीतून नियम झाला तो असा.

आणि मग आलं १९६९. मेक्सिकोतल्या अकापुल्को या समुद्रकाठच्या गावी एन्रिके कोर्कुएरा नावाच्या धनिकाला आपल्या घरी टेनिसचं कोर्ट हवं होतं. जागा तेवढी नव्हती. जी होती तिच्या कडेला भिंत होती. त्याने दोन्ही टोकांना तीन-चार मीटर उंच भिंती केल्या आणि चेंडू भिंतीवरून आला तरी खेळ चालू ठेवायचा असं ठरवलं. टेनिस १८७४ साली भिंतींतून बाहेर पडलं होतं, ते पंचाण्णव वर्षांनी पुन्हा भिंतींत शिरलं. स्पॅनिश भाषेत या खेळाला ‘पादेल’ म्हणतात, आपण इंग्रजी वळणाने पॅडल म्हणतो. मूळ शब्द फळीचाच.

कोर्कुएराकडे पाहुणा आलेल्या आल्फोन्सो होहेनलोहे या राजपुत्राला हा खेळ इतका आवडला, की १९७४ साली त्याने स्पेनमधल्या मार्बेया इथे आपल्या क्लबात दोन कोर्टं बांधली. तिथून पुढच्याच वर्षी हुलिओ मेंदितेगी याने तो अर्जेंटिनात नेला. १९९१ साली माद्रिदमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि १९९२ साली स्पेनमध्ये पहिली विश्वस्पर्धा भरली. २०२३ साली पोलंडमध्ये झालेल्या युरोपियन गेम्समध्ये पॅडलला स्थान मिळालं. आता मुंबई-पुण्यातही कोर्टं उभी राहिली आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्याने त्यांतलंच एक पाहिलं होतं.

आता हा खेळ खेळतात कसा, ते सांगतो. आधी कोर्टाचं माप. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. दहा मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट. म्हणजे पॅडलचं कोर्ट म्हणजे एकापुढे एक ठेवलेले दोन गुंठे आणि मधे नेट. प्रत्येक जोडीच्या वाट्याला एक गुंठा! अकापुल्कोतल्या त्या गृहस्थाला आपल्या तलाठ्याचं माप कोणी सांगितलं, देव जाणे. टेनिसला मात्र रेघांबाहेर धावायला जागा सोडावी लागते, ती धरली तर सहा-साडेसहा गुंठे लागतात. पॅडलला बाहेर धावायचं नसतं, कारण कडेला भिंत आहे.

मागच्या बाजूला तीन मीटर उंच काच आणि तिच्यावर एक मीटर जाळी. बाजूंना कोपऱ्याजवळ काच आणि मधल्या भागात धातूची जाळी. नेट मधोमध ८८ सेंटिमीटर उंच. खाली कृत्रिम हिरवळ आणि तिच्यात पसरलेली वाळू. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे मुद्दाम सांगायला हवं, की ही हिरवळ पाणी मागत नाही.

हातातली फळी म्हणजे कपडे धुवायच्या धोपाटण्याचं आखूड, गोलसर भावंड. तिला तारा नसतात, भोकं असतात. लांबी फार तर साडेपंचेचाळीस सेंटिमीटर. फळीची दोरी मनगटात अडकवलीच पाहिजे, कारण चौघं जवळजवळ उभे असतात आणि हातून सुटलेली फळी कोणाच्याही तोंडावर बसू शकते. चेंडू टेनिससारखाच, पण आत दाब थोडा कमी, म्हणून उसळी जरा मवाळ.

खेळ बहुतेक दोघादोघांच्या जोड्यांचाच. सर्व्हिस डोक्यावरून मारायची नाही. चेंडू आधी जमिनीवर आपटायचा आणि कमरेच्या उंचीवर किंवा तिच्या खाली, तिरप्या चौकोनात मारायचा. दोन संधी मिळतात. या एका नियमाने सगळा खेळ बदलतो. टेनिसमध्ये उंचापुऱ्या, ताकदवान माणसाची सर्व्हिसच अर्धा सामना जिंकते. इथे सर्व्हिसने फक्त खेळ सुरू होतो. म्हणून बाप आणि मुलगी, आजोबा आणि नातू एका कोर्टात उभे राहू शकतात.

गुणांची मोजणी टेनिससारखी. पंधरा, तीस, चाळीस, गेम. सहा गेमचा सेट, दोन गेमची आघाडी हवी, आणि तीनपैकी दोन सेट घेणारी जोडी जिंकते.

खरी गंमत भिंतीची. तुम्ही मारलेला चेंडू नेटपलीकडे आधी जमिनीवर पडला पाहिजे. टप्पा न पडता थेट समोरच्या काचेवर गेला, तर गुण गेला. पण टप्पा पडून तो मागच्या काचेवर आदळला, तर समोरचा खेळाडू शांतपणे थांबतो, चेंडू काचेवरून परत येऊ देतो आणि दुसरा टप्पा पडायच्या आत परतवतो. अगदीच अडचण असेल तर स्वतःच्या बाजूच्या काचेवर चेंडू मारून तो नेटपलीकडे पाठवायलाही मुभा आहे. जाळीवर आदळलेला चेंडू कुठे उडेल याचा नेम नसतो, म्हणून सर्व्हिसच्या टप्प्यानंतर चेंडू जाळीला लागला तर ती सर्व्हिस बाद धरतात.

नवखा माणूस इथे एकच चूक करतो. चेंडू मागच्या भिंतीकडे निघाला की तो घाबरतो, उलट्या पावली धावतो आणि भिंतीला लागण्याआधीच चेंडू कसाबसा मारतो. जाणता खेळाडू चेंडूला वाट देतो. जोरात आलेला चेंडू भिंतीवरून परत येतो, आणि मारायला उलट सोपा जातो. नेटजवळ उभं राहणाऱ्या जोडीचं पारडं जड असतं, म्हणून मागे अडकलेली जोडी त्यांच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकते, त्यांना मागे पळायला लावते आणि स्वतः पुढे सरकते. सगळा सामना म्हणजे हे पुढे-मागे सरकणं. त्यात ताकदीपेक्षा धीर लागतो.

इथवर वाचून मी खूश होतो. पण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न खेळाचा नव्हता, त्याच्या दोन गुंठ्यांचा आणि कर्जाचा होता. म्हणून अर्जेंटिनाकडे पुन्हा वळलो.

तिथे ऐंशीच्या दशकाअखेर आणि नव्वदच्या सुरुवातीला पॅडलची अशी लाट आली, की रिकामा प्लॉट दिसला की कोर्ट, असं झालं. तेव्हाच्या भिंती साध्या सिमेंटच्या. मग लाट ओसरली. कित्येक कोर्टं बंद पडली आणि त्या जागा दुसऱ्या कामाला लागल्या. अगदी अलीकडे स्वीडनमध्ये हेच झालं. करोनाच्या काळात तिथे पॅडलचे हॉल भराभर उभे राहिले आणि २०२२-२३ मध्ये एकामागून एक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. एकाचं चाललं म्हणून दहांनी तेच काढलं. आपल्याकडे सोयाबीनला भाव आला की पुढच्या वर्षी सगळं शिवार पिवळं होतं, तसाच हा प्रकार.

पण अर्जेंटिनाच्या गोष्टीला एक पुरवणी आहे. त्या लाटेच्या काळात पेहुआहो नावाच्या, शेतीवर जगणाऱ्या आडबाजूच्या गावात १९७९ साली जन्मलेला एक मुलगा हा खेळ शिकत होता. त्याचं नाव फर्नांडो बेलास्तेगीन. तो पुढे लागोपाठ सोळा वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर राहिला आणि २०२४ साली निवृत्त झाला. राजधानीतल्या कुठल्या बड्या क्लबातून तो वर आलेला नव्हता. लाट आली तेव्हा खेळ पार त्याच्या गावापर्यंत पोचला होता, म्हणून तो त्याला सापडला. कोर्टाचा मालक बुडाला की तरला, हा हिशेब एक झाला. त्या कोर्टावर कोण खेळलं, हा हिशेब दुसरा.

पंधरा दिवसांनी मी लातूरला फोन लावला. हे सगळं सांगितलं. दोन गुंठ्यांत कोर्ट बसेल, पण पाया, दरवाजे आणि उभं राहायची जागा धरली तर तिसऱ्या गुंठ्यात शिरावं लागेल, हेही सांगितलं. मग त्याला विचारलं, ‘‘खेळायला येणार कोण?’’ तो म्हणाला, ‘‘गावात कमावणारे लोक हायेत सर, संध्याकाळी येतील.’’ मी म्हटलं, ‘‘येतील. पण तुझ्या गल्लीत क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं राहतात ना?’’ लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर आहे. आमच्या नांदेडलाही आता तेच आहे. दोन्ही शहरांत खोल्या-खोल्यांतून सोळा-सतरा वर्षांची मुलं राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकात असतात आणि घराबाहेर पडली तर फक्त क्लासला आणि मेसला जातात. मी म्हटलं, ‘‘दुपार सोडून दे, आपल्या उन्हात दुपारी कोणी येणार नाही. संध्याकाळ तुझ्या धंद्याला ठेव. सकाळचा एक तास त्या पोरांना दे. बिनपैशाचा.’’ तो काही बोलला नाही.

मग त्याने विचारलं, ‘‘सर, त्या काचा... अंगावर येत नाहीत ना?’’

आता सुरुवातीला राहिलेलं सांगतो. हा मुलगा किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती माणसांवर पडल्या. हजारो माणसं गेली. त्यात याच्या घरचीही होती. दिवाळीनंतर मामाने त्याला नांदेडला आणलं आणि तो माझ्या वर्गात, सहावीत बसला. म्हणजे बसायचा कुठे, तर दाराच्या तोंडाशी. भिंतीजवळच्या बाकावर तो बसत नसे. मी कधी आग्रह केला नाही.

शाळा सुटल्यावर मुलं मागच्या भिंतीवर रबरी चेंडू मारत खेळायची. हाताने, नाहीतर फळीच्या तुकड्याने. हा लांब उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. पुष्कळ दिवस तेवढंच चाललं. मग एकदा त्याने चेंडू आणून दिला नाही, लांबूनच भिंतीवर मारला. चेंडू परत आला. त्याने पुन्हा मारला. भिंतीपासून वीस पावलांवर होता, उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत पाच पावलांवर आला. जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा तो भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. आजही बोलत नाही.

म्हणून मी त्याला फोनवर नीट उत्तर दिलं. ही काच दहा-बारा मिलिमीटर जाडीची, तापवून कणखर केलेली असते. ती फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, बारीक तुकडे होऊन खाली पडतात. तिचा भार पोलादी चौकटीवर असतो, आणि चौकट पायात घट्ट बसलेली पाहिजे. आपल्याकडचं वळवाचं वारं आडवं येतं. तेव्हा रंग, दिवे, पाटी यांत पैसे वाचव, पायात वाचवू नकोस.

त्याने या उन्हाळ्याच्या तोंडी काम काढलं. एक दिवस मला बोलावून घेतलं. मी एसटीने गेलो. घरामागे आखणी केलेली होती, चुन्याच्या रेघा, एकापुढे एक दोन गुंठे. खड्ड्यात माणसं काम करत होती. शेजारच्या खोल्यांमधली तीन-चार मुलं हातात पुस्तकं घेऊन गच्चीवरून बघत होती. त्याने सांगितलं, ‘‘सकाळी सहा ते सात ह्यांचं. ठरलं.’’

मी खड्ड्यात डोकावलो. विचारलं, ‘‘पाया किती खोल घ्यायलास?’’

तो म्हणाला, ‘‘ठेकेदार सांगतो त्याच्यापेक्षा हातभर जास्त, सर.’’